एका किलोची किंमत

सध्या पोस्टिंग महूला आहे. सिग्नल्सच्या अधिकाऱ्याला आयुष्यात निदान दोनदा महूला यावंच लागतं, एकदा शिकायला आणि एकदा शिकवायला. माझी दुसरी खेप चालू आहे. गेल्या आठवड्यात उपग्रह दळणवळणाच्या तासाला एका तरुण कॅप्टनने हात वर केला. "सर, रॉकेट स्वस्त झालं म्हणून छोटे उपग्रह आले, असं आपण म्हणतो. मग आता रॉकेट आणखी स्वस्त झाल्यावर तेच उपग्रह पुन्हा जड का होत चाललेत?"

प्रश्न चांगला होता. मी फळ्यावर दोन आलेख काढून उत्तर दिलं आणि तास संपला. पण घरी येताना लक्षात आलं, की हे उत्तर मी पुस्तकात शिकलोच नव्हतो. ते शिकलो होतो वीसेक वर्षांपूर्वी लडाखमधल्या एका पोस्टवर, आणि त्याची फी दुसऱ्याच कुणीतरी भरली होती.

तेव्हा मी नुकताच कॅप्टन झालो होतो. पोस्टचं नाव लिहीत नाही. शेवटचे दोन दिवस पायी चढायचं. वर जाणारी प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी पाठीवरून जायची, नाहीतर हेलिकॉप्टरने, आणि त्या उंचीवर हेलिकॉप्टरही मोजकेच किलो उचलतं. त्यामुळे खालच्या कॅम्पात निघण्याआधी तराजू लावून बसायचं. केरोसीन किती, रेशन किती, दोर किती, औषधं किती. लोक टूथब्रशचे दांडे कापून टाकतात म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

रेडिओचा ऑपरेटर तमिळनाडूचा एक हवालदार होता. त्याने सेटसाठी तीन जादा बॅटऱ्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. मी दोन काढून टाकल्या आणि त्या वजनाचं केरोसीन घेतलं. तो एवढंच म्हणाला, "साब, ठंड में बैटरी जल्दी मरती है." मी म्हणालो, "एक है ना." हिशेब माझ्या मते बरोबर होता. बॅटरीवर कुणी चहा करत नाही.

चौथ्या रात्री एका नायकाला धाप लागली. आधी खोकला, मग छातीत घरघर. उंचीवर फुप्फुसात पाणी भरण्याची ही लक्षणं आम्हा सगळ्यांना पाठ होती. सेट उचलला तर सेट मेलेला. जादाची बॅटरी जोडली, ती दोन मिनिटं चालली आणि निरोप अर्धवट असतानाच बसली. रात्र स्वच्छ होती, वारा नव्हता. निरोप खाली पोचला असता, तर ऑक्सिजन घेऊन पार्टी रात्रीच निघाली असती. हवालदाराने दोन्ही बॅटऱ्या कपड्यांच्या आत छातीशी धरल्या आणि स्लीपिंग बॅगमध्ये शिरला. पहाटे त्या उबेवर सेट क्षणभर जिवंत झाला. त्याने चार शब्द पाठवले. चारच. सकाळी हेलिकॉप्टर आलं.

नायक वाचला. पण त्याची मेडिकल कॅटेगरी घसरली, तो पुन्हा कधी उंचीवर आला नाही आणि त्याची बढतीही मागे पडली. त्याने मला कधी बोल लावला नाही. मीच लावत आलोय.

आता उपग्रहांकडे येतो. वस्तू जिथे पोचवायची तिथवरचा रस्ता महाग असला, की ती वस्तू कशी बनते, याचाच हा इतिहास आहे.

४ ऑक्टोबर १९५७ ला गेलेला स्पुतनिक ८३.६ किलोचा होता. अमेरिकेचा व्हॅनगार्ड-१ मार्च १९५८ मध्ये गेला, तो दीड किलोचासुद्धा नव्हता. ख्रुश्चेव्हने त्याची पपनस म्हणून थट्टा केली. सोव्हिएत रॉकेट अण्वस्त्र वाहण्यासाठी बांधलेलं, म्हणून दणकट. अमेरिकेचं ते रॉकेट किरकोळ. उपग्रह किती मोठा हे उपग्रह बांधणाऱ्याने ठरवलंच नव्हतं, ते घोड्याने ठरवलं होतं. पण गंमत बघा. त्या दीड किलोत त्यांनी सौर घट बसवले होते. बॅटरीवरचा ट्रान्समीटर काही महिन्यांत गप्प झाला, सौर घटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. आणि तो मुका गोळा आजही पृथ्वीभोवती फिरतोय. माणसाने पाठवलेल्या आणि अजून कक्षेत असलेल्या वस्तूंमध्ये सगळ्यात जुना तोच.

त्याच काळातला माझा सगळ्यात आवडता उपग्रह म्हणजे ऑस्कर-१. कॅलिफोर्नियातल्या हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम लोकांनी, तो फावल्या वेळात बनवला. वजन साधारण साडेचार किलो. १२ डिसेंबर १९६१ ला तो अमेरिकेच्या एका लष्करी उपग्रहाबरोबर गेला. जागा कशी मिळाली? रॉकेटचा तोल राखण्यासाठी तिथे नुसतं वजन ठेवावं लागायचं. त्या मृत वजनाऐवजी आमचा डबा ठेवा, असं हॅम लोकांनी पटवून दिलं. उपग्रह रॉकेटपासून दूर ढकलायला त्यांनी जी स्प्रिंग लावली, ती दुकानातून सव्वा डॉलरच्याही आत आणलेली होती.

ऑस्कर मोर्समध्ये एकच शब्द बोलायचा. एच आणि आय. हाय. आत किती गरम आहे त्यानुसार तो शब्द भराभर किंवा सावकाश यायचा, म्हणजे अभिवादन हाच थर्मामीटर. २८ देशांतल्या ५७० हून अधिक हौशी लोकांनी तो ऐकून नोंदी पाठवल्या. बॅटरी पुन्हा भरणारी नव्हती. तीन आठवडे बोलून ती संपली. हे वाचतो तेव्हा दर वेळी मला ते पहाटेचे चार शब्द आठवतात.

पण ऑस्कर हा अपवाद. बाकी जग उलट्या दिशेने निघालं होतं, आणि त्यामागे एक चक्र होतं. प्रक्षेपण महाग, म्हणून उपग्रह वारंवार पाठवता येत नाही. म्हणून जो जाईल तो दहा-पंधरा वर्षं टिकला पाहिजे. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या भागाची एक जादा प्रत आत हवी, किरणोत्साराला दाद न देणारे खास घटक हवेत, वर्षानुवर्षं चाचण्या हव्यात. त्यामुळे उपग्रह आणखी महाग आणि जड. इतका महाग उपग्रह मग आणखी भरवशाच्या, म्हणजे आणखी महाग रॉकेटवरच ठेवायचा. घरात एकच चांगला शालू असला की तो नेसायचीही भीती वाटते, तसं. नवं काही वापरून बघायची हिंमत कुणाला होत नाही, कारण फसलं तर सगळंच बुडतं.

आपण या चक्रात शिरलो ते वेगळ्याच दाराने. आर्यभट्ट हा पहिला भारतीय उपग्रह ३६० किलोचा होता आणि १९ एप्रिल १९७५ ला तो सोव्हिएत संघातल्या कापुस्तिन यारहून गेला. रॉकेट त्यांचं. बंगळुरूजवळ पीन्याच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या शेडमध्ये, उडुपी रामचंद्र राव यांच्या तरुण चमूने तो बांधला. वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे त्यावरचे प्रयोग काही दिवसांतच बंद पडले, पण उपग्रह कसा बांधतात हे आपल्याला कळलं. पुढे स्वतःच्या रॉकेटची वेळ आली तेव्हा आकडा एकदम खाली आला. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ ने नेलेली रोहिणी फक्त ३५ किलोची होती. आर्यभट्ट मोठा आणि रोहिणी लहान, कारण घोडा बदलला होता.

रस्ता स्वस्त होण्याची पहिली पायरी कशी आली, हे मला फौजी म्हणून फार मोलाचं वाटतं. ती आली शस्त्रकपातीतून. शीतयुद्ध संपलं आणि रशियाकडे मोठमोठी क्षेपणास्त्रं उरली. ती नुसती मोडून टाकण्यापेक्षा काहींवर अण्वस्त्राच्या जागी उपग्रह बसवून ती उडवायची असं ठरलं. त्यातून निप्र आणि रोकोट ही रॉकेटं झाली. शहरं जाळण्यासाठी बांधलेल्या त्या यंत्रांनी विद्यापीठांचे उपग्रह वर नेले. जून २०१४ मध्ये एका निप्रने एकदम ३७ उपग्रह नेले होते.

दुसरी पायरी होती एक डबा. १९९९ मध्ये स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज आणि कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकचे जोर्डी प्युइग-सुआरी यांनी क्यूबसॅटचं माप ठरवलं. दहा सेंटिमीटर बाजूचा घन, वजन एक किलोच्या आसपास. ट्विग्ज यांना हे माप सुचलं ते खेळण्यातल्या छोट्या कापडी प्राण्यांच्या प्लास्टिकच्या डबीवरून. खरी अक्कल मात्र घनात नव्हती, तो ज्या पेटीत बसतो त्या पेटीत होती. तीन घन आत, वर स्प्रिंगचं झाकण. रॉकेटवाल्याला आत काय आहे याची फिकीरच उरली नाही. मुलांचा उपग्रह आतल्या आत तुटला तरी तुकडे पेटीतच राहणार, मुख्य उपग्रहाला धक्का नाही. पहिले क्यूबसॅट ३० जून २००३ ला गेले, आणि गेले कशावर, तर रोकोटवर.

इथेच त्या कॅप्टनच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग सुटतो. या टप्प्यावर किलोचा भाव फारसा उतरला नव्हता. स्वस्त झालं होतं ते तिकीट. पूर्वी गाडी भाड्याने घ्यावी लागायची, आता मोठ्या उपग्रहाच्या गाडीत टपावर बसायची सोय झाली. पण किलो महागच, म्हणून मांडीवर मावेल एवढंच सामान. छोट्या उपग्रहांची पहिली पिढी या गरिबीतून घडली.

आपल्या पीएसएलव्हीने ही टपावरची सोय फार निगुतीने चालवली. मे १९९९ मध्ये ओशनसॅटबरोबर तिने कोरियाचा आणि जर्मनीचा एकेक छोटा उपग्रह नेला. २८ एप्रिल २००८ ला एका उड्डाणात दहा. जुलै २०१० मध्ये कर्नाटक आणि आंध्रातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचा स्टडसॅट गेला, वजन किलोच्या आत. आणि २२ जून २०१६ ला पुण्याच्या सीओईपीच्या मुलांचा 'स्वयम्'.

'स्वयम्'बद्दल थोडं अधिक लिहितो, कारण एनडीएत असताना लिबर्टीच्या रविवारी आम्ही त्या कॉलेजवरून कितीदा तरी गेलोय. उपग्रह एक किलोचाच, त्यामुळे वीज अगदी तुटपुंजी. मोठे उपग्रह आपलं तोंड योग्य दिशेला ठेवण्यासाठी आत फिरती चाकं ठेवतात. या मुलांना ती चैन परवडणारी नव्हती. त्यांनी आत एक कायमचा चुंबक बसवला. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषेत येते, तसा अख्खा उपग्रहच येणार. सुई डुलत राहू नये म्हणून खास धातूच्या कांड्या, ज्या ते डुलणं हळूहळू शोषून घेतात. वीज शून्य. हॅम लोकांचे छोटे निरोप इकडून घेऊन तिकडे देणं, हे त्याचं काम. हे डिझाइन मला हवालदाराच्या स्लीपिंग बॅगइतकंच हुशार वाटतं. दोन्ही नसण्यातून सुचलेलं.

१५ फेब्रुवारी २०१७ ला पीएसएलव्हीने एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडले. सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या, मीही. पण त्यातले ८८ एकाच अमेरिकन कंपनीचे होते, प्लॅनेटचे 'डव्ह', प्रत्येकी पाच किलोच्याही आतले. या कंपनीने वर सांगितलेलं चक्रच उलटं फिरवलं होतं. बाजारात मिळणारे इलेक्ट्रॉनिक भाग, कमी आयुष्य, आणि आत जादा प्रत ठेवण्याऐवजी अख्खा उपग्रहच जादा पाठवायचा. २८ ऑक्टोबर २०१४ ला अंटारेस रॉकेट उड्डाणानंतर काही सेकंदांत फुटलं, त्यात त्यांचे २६ उपग्रह एकदम गेले. जुन्या पद्धतीच्या कंपनीचं कंबरडं मोडलं असतं. हे लोक पुढच्या खेपेच्या तयारीला लागले. त्याआधी २०१३ मध्ये नासाने तर चक्क मोबाइल फोनच उपग्रह म्हणून पाठवून पाहिले होते, सुटे भाग साडेतीन हजार डॉलरचे.

मग किलोचाच भाव पडला. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेसएक्सने फाल्कन-९ चा पहिला टप्पा जमिनीवर उभा उतरवला आणि मार्च २०१७ मध्ये एक वापरलेला टप्पा पुन्हा उडवला. नासातल्या एका अभ्यासकाने २०१८ मध्ये हिशेब मांडला, की स्पेस शटलने खालच्या कक्षेत एक किलो न्यायला सुमारे ५४,५०० डॉलर पडत, फाल्कन-९ ने सुमारे २,७२०. म्हणजे वीसपट फरक. २०१९ मध्ये त्यांनी छोट्यांसाठी दर जाहीर केला, २०० किलोपर्यंत दहा लाख डॉलर. जानेवारी २०२१ च्या अशा पहिल्याच खेपेत १४३ उपग्रह गेले.

या दरात एक मेख होती. २०० किलोपर्यंत पैसे तेवढेच पडत. तुमचा उपग्रह १२० किलोचा असता आणि तो ११० वर आणायला अभियंत्यांनी सहा महिने घासले असते, तर फायदा शून्य. मग घासायचं कशाला? महाग हलक्या धातूऐवजी साधं ॲल्युमिनियम जाड वापरा. बॅटरी मोठी घ्या. सौर पंखे वाढवा. इलेक्ट्रॉनिक्सवर जाड कवच घाला, म्हणजे साधे भागही टिकतील. इंधनाची टाकी मोठी ठेवा. वजन हेच आता स्वस्त हत्यार झालं, त्याच्या बदल्यात पैसा, वेळ आणि डोकेदुखी वाचवता येते. मे २०१९ चे स्टारलिंक २२७ किलोचे होते, एका रॉकेटवर ६०. फेब्रुवारी २०२३ मधली पुढची जात ८०० किलोच्या घरात, एका रॉकेटवर २१. इंजिनातही महाग झेनॉनऐवजी आधी क्रिप्टॉन आणि मग त्याहून स्वस्त आरगॉन. कामाला तो थोडा कमी, पण वजन वाढलं तर वाढू दे.

कॅप्टनच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर हे. तिकीट स्वस्त झालं तेव्हा उपग्रह लहान झाले, कारण गरिबाला आत शिरता आलं. किलो स्वस्त झाला तेव्हा ते पुन्हा जड झाले, कारण काटकसर करणं हीच उधळपट्टी ठरली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकच समजतो.

आपल्याकडे यातून आणखी एक तिसरी वाट निघाली. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम झाल्यावर कक्षेत नुसता फिरत राहायचा. इस्रोने त्यालाच वीज आणि स्थैर्य देऊन प्रयोगांचा ओटा केला. आता ज्याला फक्त एखादं उपकरण तपासायचंय त्याला उपग्रह बांधायचीच गरज नाही, यंत्र आणून त्या ओट्यावर बसवायचं. ऑस्करवाल्यांनी मृत वजनाची जागा मागितली होती, इस्रोने मृत टप्पाच देऊ केला. शिवाय छोट्यांसाठी वेगळं एसएसएलव्ही आलं. ऑगस्ट २०२२ चं पहिलं उड्डाण फसलं, गोल कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ किलोमीटरची लांबट कक्षा मिळाली आणि उपग्रह गेले. त्यात देशभरातल्या ७५० शाळकरी मुलींचा आझादीसॅट होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसऱ्या उड्डाणात त्यांचा दुसरा उपग्रह, ८.७ किलोचा, नीट पोचला. सहा महिन्यांत दुसरी संधी. स्वस्त रस्त्याचा खरा अर्थ मला इथे दिसतो. चूक झाली तरी आयुष्य संपत नाही.

बरीच वर्षं गेल्यावर मी त्याच भागात पुन्हा गेलो. बीआरओने रस्ता पोस्टच्या पायथ्यापर्यंत आणला होता. वर आता बॅटऱ्यांची थप्पी होती, छोटा जनरेटर होता, सौर पॅनेल होतं. सेट दोन होते. मी ते बराच वेळ बघत उभा राहिलो. मग मागच्या बाजूला गेलो तर उतारावर रिकामे डबे, जेरीकॅन, मेलेल्या बॅटऱ्या. पूर्वी एवढा कचरा नव्हता, कारण टाकण्याइतकं काही वर येतच नव्हतं. सुभेदार साहेबांनी पोरांना लावून तो गोळा केला आणि परतीच्या गाडीने खाली पाठवला. वर आणायचं स्वस्त झालं, पण खाली न्यायला अजून माणूसच लागतो.

आकाशातही तेच. फेब्रुवारी २००९ मध्ये इरिडियमचा चालू उपग्रह आणि रशियाचा मेलेला कॉसमॉस एकमेकांवर आदळले आणि तुकड्यांचे ढग झाले. काम संपल्यावर २५ वर्षांत खाली उतरा, असा जुना संकेत होता. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने तो खालच्या कक्षेसाठी पाच वर्षांवर आणला. म्हणजे आता डिझाइन करणाऱ्याने स्वस्तात मिळालेल्या किलोंपैकी काही किलो परतीच्या इंधनासाठी राखून ठेवायचे. मार्च २०२४ मध्ये पीएसएलव्हीचा असाच एक ओटा काम संपवून समुद्रावर जळून गेला, मागे तुकडा न ठेवता. त्या बातमीवर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी सुभेदार साहेबांची आठवण काढली.

परवा पुढच्या तासाला त्या कॅप्टनला फळ्याशी बोलावलं. एका छोट्या उपग्रहाच्या सामानाची यादी लिहिली आणि म्हणालो, समज रॉकेट ऐनवेळी बदललं, आता चार किलो कमी न्यायचेत. काय काढशील? त्याने क्षणभर विचार केला आणि सगळ्यात आधी जादाच्या बॅटरीवर काट मारली. हिशेब त्याच्या मते बरोबर होता.

मी खडू खाली ठेवला आणि त्यांना ती रात्र सांगितली. नायकाचं नाव मात्र सांगितलं नाही.

जय हिंद.